डावा हात आधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

'सगळे सूर बसलेत, बोटं कुठे अडत नाहीत, तरी वाल्डश्टाइन वाजवून संपला की आपण काहीच सांगितलं नाही असं वाटतं' बेटहोफनच्या त्या पियानो सोनाट्याबद्दलचं हे तुझं वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं. म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर तू लगेच 'हो, कळलं' म्हणतेस, आणि मग मला पुढचं बोलता येत नाही.

श्नाबेल, केम्फ, आराउ, ब्रेंडेल, चौघा पियानोवादकांची रेकॉर्डिंग ऐकलीस, चौघांनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि आता कुणाचं खरं मानायचं ते कळेना. अगं, तू चौघांचा उजवा हात ऐकलास. आता तेच पुन्हा ऐक, पण फक्त बास ऐक, डाव्या हाताचे सगळ्यात खालचे सूर. चौघेही एकाच जिन्याने उतरताना दिसतील.

सोनाट्याचं पहिलं पान उघड. सी मेजर, पियानिसिमो (अगदी हळू आवाजात), आठव्या (एक-अष्टमांश लांबीच्या) सुरांचा ठोका. तू लिहितेस, 'सुरुवात आनंदी आहे पण पोकळ वाटते, म्हणून मी सूर्योदय डोळ्यांसमोर आणते.' सूर्योदय कशाला? फ्रान्स आणि इटलीत या सोनाट्याला 'पहाट' म्हणतात, पण ते नाव बेटहोफनने दिलेलं नाही. त्याने कागदावर काय ठेवलंय ते बघ. डाव्या हाताचा सगळ्यात खालचा सूर सीवरून बीवर उतरतो, मग बी-फ्लॅट, ए, ए-फ्लॅट, आणि जी. अर्ध्या-अर्ध्या सुराने, एकही पायरी न गाळता. टॉनिकपासून (मूळ सुरापासून) डॉमिनंटपर्यंत (पाचव्या सुरापर्यंत) असा उतरणारा बास त्याच्या आधी शंभराहून जास्त वर्षं युरोपात शोकासाठी वापरला जात होता. पर्सेलच्या ऑपेरातला डायडो राणीचा विलाप याच चालीच्या बासवर उभा आहे, बाखच्या बी मायनर मास या प्रार्थनासंगीतातला 'क्रुसिफिक्सस'ही. ते दोन्ही संथ आणि मायनरमधले, उदास वळणाचे. बेटहोफनने तोच उतार उजळ मेजरमध्ये घातला, अलेग्रो कॉन ब्रिओच्या जलद, जोमदार वेगात, आणि इतक्या हळू आवाजात की नीट न ऐकणाऱ्याला फक्त उत्साह ऐकू यावा. तुला ती जागा पोकळ वाटली, कारण जे भरलेलं आहे ते तू ऐकतच नव्हतीस.

बास ऐक. वर्गात मी हे इतकं म्हणते की मुलं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत.

१३व्या बारवर (तालाच्या तेराव्या घरात) फर्माटा, म्हणजे थांबायची खूण आहे. त्यानंतर तोच विषय (मुख्य धून) थरथरत्या सोळाव्या सुरांत परत येतो. तू तिथे वेग वाढवतेस, कारण उजव्या हाताला काम वाढतं. पण बदल कशात झालाय? मघाशी सी मेजरनंतर बी-फ्लॅटला उतरलेलं वाक्य आता डी मायनरकडे चढतं. ही चढण वाजली पाहिजे. तिच्यामुळेच पुढे बास बीवर जाऊन अडून बसतो, आणि ३५व्या बारला ई मेजर उघडतं. अपेक्षित जी मेजर नाही, ई मेजर! तो कोरालसारखा, चर्चमधल्या समूहगीतासारखा, दुसरा विषय तू फार सुंदर वाजवतेस, हे मान्य. पण तू त्याची वाट पाहायला लावत नाहीस. खालचा बी आग्रहाने धरला नाहीस तर ई मेजर नुसता एक छान सूर होऊन जातो.

आणि मग घरी परतणं किती लांबवलंय बघ. डेव्हलपमेंटच्या, म्हणजे विषय फिरवून पाहणाऱ्या टप्प्याच्या, शेवटी डावा हात खाली जीवर गुरगुरत राहतो, आपण परततो, तर पहिल्या विषयाच्या शेवटी जीच्या जागी ए-फ्लॅट उभा. दुसरा विषय येतो तोही ए मेजरमध्ये, तिथून ए मायनर, आणि मग कुठे सीकडे वळण. तो विषय सुरुवातीपासूनच सी मेजरमध्ये, निवांतपणे भेटतो तो थेट कोडात, अगदी शेवटच्या पुरवणीत. एवढा प्रवास ज्याला दिसला त्याला डोळ्यांसमोर चित्र आणायची गरज पडत नाही.

पहिल्या आणि शेवटच्या मूव्हमेंटच्या मधल्या भागाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस: 'तो छोटाच आहे.' हे मात्र मला लागलं. आधी इथे एक लांब आंदान्ते (मध्यम संथ चालीची रचना) होती. रीस हा बेटहोफनचा शिष्य. तो सांगतो की एका मित्राने सोनाटा फार लांब होतो म्हटलं, बेटहोफन त्याच्यावर चिडला, आणि नंतर शांतपणे विचार करून त्याने ती काढून टाकली. पुढे ती 'आंदान्ते फावोरी' म्हणून वेगळी छापली गेली. तिच्या जागी आले हे २८ बार. त्यांचा बास लिहून काढ: एफ, ई, ई-फ्लॅट, डी, डी-फ्लॅट, सी. पुन्हा तोच उतार, फक्त आता अडाजिओ मोल्तो, अगदी संथ, लपायला जागा नाही. पहिल्या मूव्हमेंटमध्ये वेगाच्या आड ठेवलेली गोष्ट इथे उघड्यावर आणली आहे. आणि याला तू छोटा म्हणतेस.

रोंडोत, म्हणजे शेवटच्या मूव्हमेंटमध्ये, तुझा सगळा प्रश्न शेवटी येणाऱ्या ऑक्टेव्हच्या ग्लिसान्दोचा, पट्ट्यांवरून हात घसरवत नेण्याचा. आजच्या पियानोच्या पट्ट्या जड आणि खोल आहेत, त्यामुळे ते अवघड आहे. बरेच जण दोन्ही हातांत वाटून घेतात, तूही घे. विषय संपला. त्यापेक्षा रोंडोचा पहिला सूर बघ. डावा हात खालचा सी वाजवतो आणि उजव्यावरून पलीकडे जाऊन वरची धून म्हणतो. पेडलची खूण त्या सीपासून सुरू होऊन कितीतरी बार तशीच राहते, टॉनिक आणि डॉमिनंट एकमेकांत मिसळले तरी. १८०३ मध्ये त्याच्याकडे पॅरिसहून एरार कंपनीचा पियानो आला होता, त्याला पायाने दाबायची पेडलं होती. त्या पियानोवर आवाज लवकर विरायचा. आपल्यावर चिखल होतो, म्हणून तू दर बारला पेडल स्वच्छ बदलतेस. मग तो सी मरतो, आणि वरची धून अधांतरी लोंबकळते. अर्धं उचल, अगदी थोडं, कान खाली ठेवून. सी जिवंत राहिला पाहिजे. धून थोडी धूसर झाली तर होऊ दे.

परीक्षक काय म्हणतील, असं तू विचारलं आहेस. माझ्या परीक्षेच्या शेऱ्यात 'डावा हात गरजेपेक्षा ठळक' असं लिहून आलं होतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. तरीही मी वाजवणं बदललं नाही. कार्यक्रमांची आमंत्रणं वेगाने वाजवणाऱ्यांना जात राहिली आणि हा सोनाटा व्यासपीठावर सलग वाजवायची संधी मला मिळालीच नाही, ही खंत आहे आणि ती जाणार नाही. पण डावा हात हलका केला असता आणि ती संधी मिळाली असती, तर तिथे बसून मी वाजवलं असतं काय? वरचे सूर वरच्यावर. लोक याला हट्ट म्हणतात. १८०५ साली छापलेल्या पानावर जो बास आहे तो मी ऐकवला, यात माझा हट्ट कुठला?

तुला मी बोटांसाठी कधी रागावले नाही, पुढेही रागावणार नाही; तुझ्याइतका स्वच्छ हात माझ्याकडे फार थोड्यांचा आला. रागावते ते कानासाठी. रेकॉर्डिंग महिनाभर बंद ठेव. पहिल्या मूव्हमेंटचा नुसता बास वहीत उतरव, गाऊन बघ, मग एकट्या डाव्या हाताने वाजव, पियानिसिमोत, मूळ वेगाच्या निम्म्याने. कंटाळा आला तरी उजवा हात मांडीवरच राहू दे.

पुढच्या वेळी पुण्याला येशील तेव्हा ग्लिसान्दो ऐकवू नकोस. ते २८ बार आण, फक्त डावा हात. उजवा मी वाजवेन.

तुझी,
बाई