समृद्धीवरून पहिल्यांदा निघतोयस तर

अरे, मेसेज वाचला तुझा. सेकंड हँड का होईना पण स्वतःची गाडी घेतलीस, अभिनंदन! आणि लगेच शनिवारी आई-बाबांना घेऊन नागपूर ते मुंबई, समृद्धीवरून, 120 ने. जा की, रस्ता झक्कासच आहे. फक्त त्या 120 चं जरा बोलायचंय.

बोर्डावर कारसाठी 120 लिहिलंय ते रस्त्याला झेपतं म्हणून, तुझ्या गाडीला झेपेल असं बोर्ड म्हणत नाही. तुझे टायर किती जुने आहेत हे त्या बोर्डाला काय माहीत? खाली बस आणि टायरच्या बाजूला लंबगोलात छापलेले चार आकडे वाच, 2218 असेल तर 2018 सालचा बाविसावा आठवडा. असा टायर नक्षी शिल्लक दिसली तरी बदलायचा, सेकंड हँड गाडीत लोक बघतात फक्त रंग आणि म्युझिक सिस्टीम 😄

हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, सुटतो, आणि त्यानेच तापतो. गावात चाळीसने फिरताना कळत पण नाही, पण तेच दोन-तीन तास सलग 120 ने, वर वैशाखातलं ऊन, खाली काँक्रीट, डिकी फुल, मग फुटतो. म्हणून हवा सकाळी गार टायरमध्ये भरायची, किती ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, पंपवाल्याला "तुम्हीच बघा" म्हणायचं नाही. आणि वाटेत गरम टायरची हवा जास्त दाखवली म्हणून सोडायची नाही, ती गार झाल्यावर आपोआप उतरते.

आता वेळेचा हिशोब कर. शंभर किलोमीटरला 100 ने एक तास, 120 ने पन्नास मिनिटं. म्हणजे वाचली दहा मिनिटं, ती तर एका चहात जातात. पण गाडी थांबायला ब्रेकचं अंतर जवळपास दीडपट लागतं, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं.

रात्री तर 120 विसरच. डिपरवर पन्नास-साठ मीटर दिसतं आणि 120 ला गाडी सेकंदाला 33 मीटर पळते, कडेला टेललाइट न लावता उभा असलेला ट्रक दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत त्याच्याजवळ पोचलेला असतोस.

आणि झोप. 701 किलोमीटरचा रस्ता, वळणं कमी, सिग्नल नाही, गाई-म्हशी नाहीत, हात नुसते स्टिअरिंगवर ठेवून बसायचं. डोळे उघडे असतात पण डोकं बंद पडतं. मागची पाच मिनिटं काय दिसलं ते आठवत नसेल तर पुढच्या एक्झिटला किंवा पंपावर थांब, शोल्डरवर म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर नाही. दर दोन तासांनी तसंही थांबच, बाबांच्या गुडघ्यांचं निमित्त आहेच.

आईला मागे बेल्ट लावायला सांग, कुरकुर करेल, करू दे.

शुक्रवारपर्यंत टायरच्या त्या चार आकड्यांचे फोटो पाठव, स्टेपनीचा पण.