महाविद्यालयात सर्व थरांतील विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठी प्राध्यापक प्रत्यक्षात काय करू शकतात?

आपण विचारले आहे की, सांगलीतील एका महाविद्यालयात सहाय्यक प्राध्यापक म्हणून रुजू होताच आपले नाव समान संधी केंद्राच्या समितीत घालण्यात आले, नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) सातव्या निकषासाठी सर्वसमावेशक वातावरणाचा अहवाल लिहिण्याचे काम आपल्याकडे आले, आणि जयंत्या व व्याख्याने यांच्या छायाचित्रांपलीकडे एखाद्या प्राध्यापकाला या बाबतीत खरोखर काय करता येते हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. मी साताऱ्यातील एका अनुदानित महाविद्यालयात २९ वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. समाजशास्त्र हा माझा विषय नव्हे. वर्गात आणि प्रयोगशाळेत जे पाहिले, जिथे चुकले आणि जे नंतर बदलता आले, त्याच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या दारातून आत आणण्याचे काम आरक्षण, शिष्यवृत्ती आणि शासनाचे नियम करतात. आत आल्यावर तो कोणाशेजारी बसतो, कोणाबरोबर प्रयोग करतो, कोणत्या भाषेत शंका विचारतो आणि त्याच्यावर आळ आला तर त्याच्या बाजूने कोण बोलते, हे मात्र बऱ्याच अंशी प्राध्यापकांच्या निर्णयांवर ठरते. आणि हे निर्णय आपण घेत आहोत याची जाणीवही आपल्याला अनेकदा नसते, कारण ते हजेरीपट, वेळापत्रक, प्रात्यक्षिकाच्या बॅच अशा रोजच्या कारकुनी कामांत दडलेले असतात.

प्रवेश आणि सामावून घेणे यांतील हे अंतर आपल्या भागाला नवीन नाही. साताऱ्याच्या ज्या शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, तिथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले, आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण साताऱ्यातील आपल्या बालपणाबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की, वर्गात त्यांना कोपऱ्यात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, आणि तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी पिता येत नसे. पटावर नाव होते, पाण्यापर्यंत हात पोचत नव्हता. त्यानंतर पाव शतकाच्या आत याच गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह सुरू केले, १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले, आणि तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले हे साताऱ्यात लहान मुलालाही ठाऊक असते. मला त्या वसतिगृहातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की, तिथे समतेवर भाषण देण्यापुरते न थांबता कोण कोणाशेजारी बसून जेवणार आणि आज पाणी कोण भरणार हे ठरवले गेले. प्राध्यापकाचे काम याच जातीचे आहे असे मी मानते.

आमच्याकडे प्रथम वर्ष विज्ञानाची प्रवेशयादी गुणवत्तेनुसार आणि प्रवर्गनिहाय लागत असे. यादीच्या क्रमाने प्रवेश होत, प्रवेशाच्या क्रमाने हजेरी क्रमांक पडत आणि हजेरी क्रमांकानुसार प्रात्यक्षिकाच्या बॅच पाडल्या जात. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. परिणाम मात्र असा होत असे की, ‘ए’ आणि ‘बी’ बॅचमध्ये शहरातील, खासगी शिकवणीला जाणारी, बहुतांशी खुल्या प्रवर्गातील मुले असत, आणि ‘डी’ बॅचमध्ये राखीव प्रवर्गातील, उशिरा फी भरू शकलेली, वाड्यावस्त्यांवरची मुले एकत्र येत. डी बॅचची पाळी आठवड्याच्या शेवटी असल्यामुळे त्यांच्या वाट्याला गळक्या ब्युरेट (द्रावण मोजून सोडण्याच्या काचनळ्या) आणि तळाला गेलेली द्रावणे येत, आणि प्रयोगशाळा परिचरापासून प्राध्यापकांपर्यंत सर्वांच्या तोंडी ‘डी बॅच’ हा शब्द ज्या स्वरात येई, तो स्वर त्या मुलांना ऐकू येत असे. सहा वर्षे मी हे पाहत होते आणि मला ते दिसले नाही. एके दिवशी एका मुलीने प्रयोगवहीवर सही घेताना विचारले, “मॅडम, आमच्या बॅचमध्ये सगळे शिष्यवृत्तीवालेच कसे काय?” त्या रात्री मी चारही बॅचच्या याद्या समोर ठेवून बसले, आणि आपण स्वतःच्या हाताने काय मांडून ठेवले आहे हे माझ्या लक्षात आले.

पुढील वर्षी विभागाच्या बैठकीत मी असा प्रस्ताव मांडला की, बॅच पहिल्या नावाच्या अकारविल्ह्याने पाडाव्यात (आडनावाच्या नव्हे, कारण आडनावावरून आपल्याकडे बाकीचे सगळे समजते), आणि प्रयोगातील जोडीदार दर सहा आठवड्यांनी बदलावा. दोन पालक तक्रार घेऊन आले, एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे अनावश्यक वाटले, पण प्राचार्यांनी मान्यता दिली. त्या वर्षी शिकवणीच्या नोट्सच्या झेरॉक्स प्रथमच वसतिगृहापर्यंत गेल्या. ही फार मोठी गोष्ट वाटणार नाही. परंतु ज्या मुलाने कधी शहरातील मित्राच्या वहीला हात लावलेला नाही, त्याच्या दृष्टीने ती मोठी असते.

दुसरी चूक अधिक बोचणारी आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत जवळ आली की कार्यालयातून यादी येई, आणि मी भर वर्गात “एससी, एनटी आणि ओबीसीच्या विद्यार्थ्यांनी उभे राहा” असे सांगून नावे वाचीत असे. साठ मुलांसमोर जातीच्या गटाने उभे राहावे लागणे म्हणजे काय, याचा मी विचार केला नव्हता. काही मुले उभी राहत नसत आणि मग त्यांची शिष्यवृत्ती बुडत असे. आम्ही त्याला मुलांची बेफिकिरी म्हणत असू. आता शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज ऑनलाइन भरले जातात, तरीही त्रुटी निघालेल्या अर्जांची नावे वर्गात पुकारण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालू असल्याचे ऐकते. निरोप प्रत्येक विद्यार्थ्याच्या मोबाइलवर स्वतंत्रपणे पाठवता येतो. त्याचबरोबर, शिष्यवृत्ती जमा झालेली नाही किंवा जात पडताळणी प्रमाणपत्र यायचे आहे म्हणून परीक्षेचे प्रवेशपत्र अडवले जात असेल, तर वर्गशिक्षकाने स्वतः कार्यालयात जाऊन त्या मुलाच्या वतीने बोलावे. खिडकीपाशी उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला जे उत्तर मिळते, ते प्राध्यापकाला मिळत नाही.

भाषेचा प्रश्न आपल्याला सांगलीत माझ्यापेक्षा अधिक जाणवेल. जत तालुक्यातून येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी कन्नड बोलली जाते. विटा, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिकांची कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेली आहेत, आणि त्यांची मुले परप्रांतात शाळा शिकून गावी परततात तेव्हा ती मराठी बोलतात, पण लिहिताना अडखळतात. माणदेशातील मूल ‘पानी’ म्हणाले की वर्गात हसू फुटते, आणि त्या हसण्यात प्राध्यापक सामील झाला तर ते मूल उरलेली तीन वर्षे तोंड उघडत नाही. विज्ञान शाखेत अध्यापन इंग्रजीतून चालते, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला रसायनशास्त्र कळलेले असूनही ते सांगता येत नाही. मी तोंडी परीक्षेत भाषेची अट काढून टाकली: संज्ञा इंग्रजीत, स्पष्टीकरण ज्याला जसे जमेल तसे. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेही विद्यापीठांना असे कळवले की, अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरपत्रिका लिहिण्याची मुभा द्यावी. आपल्या विभागात हे पत्र कोणी वाचले आहे का, हे एकदा विचारून पाहा.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. लेखनिक घेण्यास पात्र असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पर्यवेक्षकाला हे माहीत नसल्यामुळे जादा वेळेतील अर्ध्या तासातच पेपर काढून घेतल्याचे मी पाहिले आहे. परंतु कायद्याच्या यादीत न बसणाऱ्या अडचणीच प्राध्यापकाची खरी परीक्षा घेतात. माझ्या वर्गातील एका हुशार मुलाचे अनुमापनाचे (एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने घालून प्रमाण मोजण्याच्या प्रयोगाचे) आकडे दर वेळी चुकत. मिथिल ऑरेंज या दर्शकाचा रंग पिवळ्याचा नारिंगी होऊन लालसर होऊ लागतो तो क्षण त्याला सापडत नसे, आणि मी त्याला निष्काळजी म्हणून दोनदा रागावले होते. त्याला रंगांधत्व होते. त्याच्या घरीही ते कोणाला ठाऊक नव्हते. रंगांधत्व त्या २१ प्रकारांत येत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र नाही आणि सवलतही नाही. आम्ही त्याला अंतिम बिंदू पीएच मीटरवर काढायला शिकवले, कारण शेवटी मोजायचे आहे ते आम्लाचे प्रमाण, डोळ्यांची ताकद नव्हे. तेव्हापासून पहिल्याच प्रात्यक्षिकाला मी सर्वांना सांगत असे की, रंग ओळखण्यात, उभे राहण्यात किंवा ऐकू येण्यात कोणाला अडचण असेल तर मला एकट्यात भेटून सांगावे. दरवर्षी कोणी ना कोणी भेटून गेले.

मुलींबाबत एकच मुद्दा सांगते, कारण बाकीचे आपल्याला ठाऊक असेल. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत तक्रार समितीचा फलक भिंतीवर असणे आवश्यकच आहे. पण पाटण किंवा मेढ्याकडच्या वाडीवरून येणाऱ्या मुलीचे शिक्षण पुष्कळदा एसटीच्या वेळेवर अवलंबून असते. प्रात्यक्षिक साडेपाचला संपत असेल आणि तिच्या वाडीकडे जाणारी शेवटची गाडी पावणेसहाला सुटत असेल, तर एक दिवस गाडी चुकते, ती रात्री घरी पोचते, आणि दुसऱ्या दिवसापासून घरचे लोक तिचे महाविद्यालय बंद करतात. वेळापत्रक करताना आम्ही एसटीचे वेळापत्रक शेजारी ठेवू लागलो, आणि लांबच्या मुलींना सकाळची बॅच दिली.

ज्या प्रसंगाने मला सर्वाधिक शिकवले तो वसतिगृहातला आहे. जिल्ह्याच्या पूर्व भागातील पारधी वस्तीवरून आलेला एक मुलगा द्वितीय वर्षाला होता. वसतिगृहात कोणाचा तरी मोबाइल हरवला, आणि कोणीही काही न विचारता त्याची एकट्याची पेटी उघडली गेली. ज्या कायद्याने इंग्रजांनी १८७१ पासून पारधींसारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, तो १९५२ मध्ये रद्द झाला. त्या संध्याकाळी तो आमच्या वसतिगृहात लागू होता. तो मुलगा माझ्याकडे तक्रार घेऊन आला नाही, महाविद्यालय सोडल्याचा दाखला मागायला आला. मी रेक्टरांना भेटून एवढेच म्हटले की, तपासणी करायची असेल तर सर्व खोल्यांची करा आणि नियमाने करा, अन्यथा कोणाचीच करू नका, आणि ज्या मुलांसमोर त्याची पेटी उघडली त्याच मुलांसमोर त्याची क्षमा मागा. क्षमा मागितली गेली, पण त्याला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत तो मुलगा टिकून राहिला तो त्याच्या खोलीतील दोन मित्रांमुळे. मोबाइल नंतर खेळाच्या मैदानावर सापडला. तो सापडला नसता तरी माझे म्हणणे तेच राहिले असते, हे मुद्दाम नोंदवते.

आपण समितीत आहात, म्हणून एक अवघड मुद्दाही मांडते. मुलांमध्ये वैविध्य हवे असे म्हणताना प्राध्यापकांच्या खोलीकडे पाहावे. आमच्याकडे भटक्या-विमुक्त समाजांतून आलेले, पहिल्या पिढीचे पदवीधर असलेले शिक्षक बहुतेक तासिका तत्त्वावर होते. विद्यार्थी आपली अडचण सर्वांत आधी त्यांनाच सांगत, आणि पुढील वर्षी आपल्याला तास मिळतील की नाही याची खात्री नसल्यामुळे बैठकीत गप्प बसण्याची वेळही त्यांच्यावरच येत असे. नेमणुका आपल्या हातात नाहीत, परंतु समितीच्या बैठकीला त्यांना बोलावणे, त्यांचे म्हणणे त्यांचे नाव पुढे न करता कायम प्राध्यापकाने मांडणे, आणि त्या बैठकीचे त्यांना मानधन मिळेल असे पाहणे हे आपल्याला करता येईल.

अहवाल आपल्याला लिहावाच लागेल, तो लिहा. मात्र यातील बहुतेक कामे प्रवेशप्रक्रिया संपून वर्ग सुरू होण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांतच करता येतात. त्या काळात कार्यालयातून हजेरीपट मागून घ्या, बॅच कशा पाडल्या आहेत ते पाहा, लांबून येणाऱ्या मुलांच्या गाड्यांच्या वेळा विचारा, आणि वेळापत्रक ठरवणाऱ्या सहकाऱ्यांशेजारी एक दुपार बसा. एकदा वेळापत्रक फळ्यावर लागले की ते बदलायला कोणी तयार होत नाही, आणि मग पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते.