विकत घेतलेला गेम नक्की कुणाचा?

या खेपेच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं एकाच भांडणाची आहेत: दरमहा वर्गणी (सबस्क्रिप्शन) भरून शेकडो व्हिडिओ गेम वापरावेत, की मोजके विकत घ्यावेत? भांडण म्हणतो, कारण दोन पत्रं एकाच घरातून आलीत, एक नवऱ्याचं आणि एक बायकोचं. दोघांनीही ‘माझंच बरोबर आहे ना?’ असं विचारलंय. त्या दोघांनी हे पान आपापलं, वेगवेगळं वाचावं.

प्रश्न : काका, मुलं झोपली की मी रात्री तासभर खेळते. सबस्क्रिप्शनमधला एक मोठा साहसी गेम चार महिने पुरवून पुरवून खेळत होते. त्याचा डीएलसीही, म्हणजे मूळ गेमला जोडायचा जादा भाग, वेगळे पैसे मोजून घेतला. परवा उघडायला गेले तर गेम यादीतून गायब! माझी प्रगती गेली का? आणि डीएलसीच्या पैशांचं काय?
– रात्रीची खेळाडू

उत्तर : प्रगती बहुधा गेलेली नाही, तेव्हा आधी जीव भांड्यात पडू द्या. गेम यादीतून गेला तरी तुमची सेव्ह फाइल, म्हणजे कुठवर खेळलात त्याची नोंद, सहसा राहते, कन्सोलवर किंवा क्लाउडमध्ये. तोच गेम त्याच कन्सोलच्या स्टोअरमधून विकत घेतलात, तर जिथे थांबलात तिथूनच सुरू होईल. पीसीवर खेळत असाल तर मात्र जपून. सबस्क्रिप्शनवर एका स्टोअरची आवृत्ती खेळलात आणि सेल बघून दुसऱ्या स्टोअरवरून तोच गेम घेतलात, तर बऱ्याच गेममध्ये जुनी सेव्ह तिकडे चालत नाही. चार महिन्यांच्या रात्री पुन्हा पहिल्या पानावर. घेण्याआधी हे तपासाच.

डीएलसीचं दुखणं खरं आहे. तो तुमचाच आहे, पण मूळ गेमशिवाय उघडत नाही. म्हणजे वरचा मजला तुमच्या नावावर आणि तळमजला भाड्याचा, अशी गत. भाडं संपलं की जिनाच नाही. म्हणून मी तरी सबस्क्रिप्शनवरच्या गेमचा डीएलसी घेत नाही. एखाद्या गेमवर इतका जीव जडला असेल, तर मूळ गेमच घेण्याची वेळ आली असं समजतो.

गेम जातात कशामुळे? यादीतले बरेचसे गेम त्या सेवेचे नसतातच. ते दुसऱ्या कंपनीकडून ठरावीक मुदतीच्या कराराने आलेले असतात, मुदत संपली की निघाले. २०१७च्या जूनमध्ये सुरू झालेल्या एक्सबॉक्स गेम पास या वर्गणीच्या सेवेत ‘लवकरच जाणारे’ अशी वेगळी रांग दिसते. साधारण दोन आठवडे आधी नाव तिथे येतं आणि तोवर सदस्यांना तो गेम सवलतीत घेता येतो. ती रांग स्क्रीनवर बरीच खाली असते, त्यामुळे आपण तिथवर पोचतच नाही. प्लेस्टेशन प्लस या तशाच दुसऱ्या सेवेत आणखी एक मेख आहे. दर महिन्याला ‘या महिन्याचे गेम’ येतात. ते त्या महिन्यात आपल्या लायब्ररीत टाकून ठेवले, तर सदस्यत्व चालू असेपर्यंत खेळता येतात. जास्त वर्गणीच्या वरच्या टप्प्यातल्या कॅटलॉगचे गेम मात्र काढले की सगळ्यांचेच जातात. एकाच स्क्रीनवर दोन नियम! घरोघरचे अर्धे गोंधळ इथलेच.

आता तुमचा हिशेब. रात्री एक तास, आठवड्यातून धरा चार रात्री. साठ तासांचा गेम तुम्हाला पंधरा आठवडे पुरणार. पंधरा आठवड्यांची वर्गणी आणि त्या एका गेमची सेलमधली किंमत कागदावर शेजारी शेजारी लिहा. सबस्क्रिप्शन त्याच्या कामाचं, ज्याला महिन्यात पाच-सहा गेम चाळायला वेळ आहे. तुमच्यासारखं एकच गेम मुरवत बसणाऱ्याला ते महाग पडतं, जाहिरातीत गेमचा आकडा कितीही मोठा असो.

प्रश्न : मित्र म्हणतो, विकत घेतलेला डिजिटल गेमसुद्धा आपला नसतो. पण मी तर ‘खरेदी करा’ हेच बटण दाबलं होतं! तो उगाच घाबरवतोय ना?
– बटण दाबून मोकळा झालेला

उत्तर : नाही हो, मित्र बरोबर बोलतोय. त्या बटणाने तुम्हाला मिळतो तो वापरण्याचा परवाना. यावरूनच कॅलिफोर्नियाने २०२४मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२५पासून तो लागू झाला: परवाना विकत असाल तर तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, नुसतं ‘खरेदी’ म्हणून भागणार नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाने तर २०२४च्या ऑक्टोबरातच पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. त्या कायद्याने सूट दिलीय ती कायमची उतरवून ठेवता येणाऱ्या, विक्रेत्याला परत हिसकावता न येणाऱ्या मालाला. २००८पासून चालू असलेलं जीओजी हे दुकान असा माल देतं: इन्स्टॉलर उतरवा, स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवा, पुढे इंटरनेट नसलं तरी गेम चालतो.

परवाना काढून घेतला की काय होतं, हे युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये दिसलं. तो २०१४च्या डिसेंबरात आला. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी त्याला कंपनीचा सर्व्हर लागायचा. २०२३च्या डिसेंबरात विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाला आणि त्यानंतर अनेकांच्या लायब्ररीतून परवानाही काढला गेला. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडे चकचकीत तबकडी उरली, एवढंच. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघातल्या तिच्या नागरिक याचिकेने २०२५च्या जुलैमध्ये दहा लाख सह्या ओलांडल्या.

पण मित्राला हेही सांगा की ‘विक्री बंद’ आणि ‘गेम बंद’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘फोर्झा होरायझन ४’ १५ डिसेंबर २०२४ला दुकानातून उतरला, कारण त्यातल्या गाड्यांच्या आणि गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपत आली होती. आधी विकत घेतलेल्यांना तो तरीही उतरवून खेळता येतो. सबस्क्रिप्शनवर खेळणाऱ्यांचा मात्र गेला.

डिस्क म्हणजे हमखास आपली, असं मीही मानत होतो. मग एका रविवारी वायफाय बंद केलं, कन्सोलमधले सगळे गेम पुसले आणि कपाटातल्या डिस्का एकेक करून घालून बघितल्या. एकोणीस होत्या. बहुतेक निमूट चालल्या. एक चालली, पण अशी की नायक जमिनीतून आरपार खाली पडत राहिला. तो दोष दुरुस्त करणारा अपडेट डिस्कवर नव्हताच, नंतर इंटरनेटवरून आला होता. दुसरीने पहिल्याच स्क्रीनवर ‘सर्व्हरशी जोडणी होत नाही’ म्हणून हात वर केले. तिचं खोकं मी वर्षानुवर्षं पुसून ठेवत होतो! २०२५च्या जूनमध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २चे ‘गेम-की कार्ड’ तर उघडच सांगतात की कार्डात गेम नाही, नुसती किल्ली आहे, गेम उतरवून घ्यावा लागेल. खोक्याच्या पुढच्या बाजूला खालच्या पट्टीत तसं छापलेलं असतं. निदान ते कार्ड दुसऱ्याला देता तरी येतं.

प्रश्न : मी आयुष्यभर वाचनालयाची वर्गणी भरली. पुस्तकं माझी नव्हती म्हणून कधी गळा काढला नाही. नातू मात्र गेमच्या वर्गणीवर चिडून असतो. आजची पोरं हावरट झालीत की काय?
– एक आजोबा

उत्तर : आजोबा, या ढिगातलं मला सर्वांत आवडलेलं पत्र आपलं. चाखून बघायला वर्गणीसारखी सोय नाही, हे शंभर टक्के मान्य. दोन-चार जणांनी मिळून केलेले कितीतरी छोटे गेम मी वर्गणी होती म्हणूनच उघडले. पैसे देऊन त्यांच्या वाटेलाही गेलो नसतो.

पण एका ठिकाणी आपली तुलना अडते. वाचनालयाने पुस्तकाची प्रत विकत घेतलेली असते. प्रकाशक उद्या बुडाला तरी पुस्तक फळीवर राहतं, आणि आपण दोनशेव्या पानावर असताना ग्रंथपाल घरी येऊन ते काढून नेत नाही. गेमची सेवा बहुतांश गेमची स्वतःच भाडेकरू असते, आपण पोटभाडेकरू. शिवाय यादीतून गेलेलं सगळंच दुसरीकडे मिळेल असंही नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात विकत मिळतच नव्हते. नातू हावरट नाही. त्याला आवडलेला एखादा गेम असाच गेला असणार. विचारून बघा कुठला, तो तासभर बोलेल.

प्रश्न : सदस्यत्व वर्षाचं घेऊ की महिन्याचं?
– घाईत आहे

उत्तर : महिन्याचं. आणि घेतल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करून टाका. भरलेला महिना सहसा शेवटपर्यंत चालतोच.

प्रश्न : काका, लोकांना सांगता ते ठीक. तुमच्या स्वतःच्या घरी काय आहे?
– खवचट वाचक

उत्तर : पकडलंत! माझ्याकडे एक वही आहे. सबस्क्रिप्शनवर उतरवलेला प्रत्येक गेम तारखेसह तिच्यात लिहितो आणि संपवला की बरोबरची खूण करतो. गेल्या वर्षी एकेचाळीस नावं लिहिली, खुणा सहा झाल्या. त्या सहांतल्या दोन गेमकडे मी पुन्हा गेलो, म्हणून ते दोन विकत घेतले. बाकी चारांची नावं वहीत बघून आठवावी लागतात. आता वर्षातून दोनदा, सुट्टी लागून असेल तेव्हा, महिन्याभराचं सदस्यत्व घेतो आणि सोडून देतो.

सध्याचा महिना परवा संपतोय. यादीतला एक कोड्यांचा गेम हातात आहे, अकरा कोडी उरलीत आणि सातव्यापाशी तीन रात्री अडकलोय. बायको म्हणते, विकत घेऊन टाका एकदाचा. मी म्हणतो, सातवं सुटू दे, मग बघू.