टायरमधलं लिमोनीन

प्रश्न : जुने टायर हवेशिवाय तापवले की तेल निघतं आणि त्यात संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन असतं, असं वाचलं. खरं का? असेल तर ते तेल नुसतं जाळायला का विकतात? शाळेच्या प्रयोगशाळेत हे करून दाखवता येईल का?
— एक विज्ञान शिक्षिका

उत्तर : खरं आहे. नैसर्गिक रबर म्हणजे आयसोप्रीन या छोट्या रेणूंची लांबलचक साखळी. व्हल्कनायझेशनमध्ये, म्हणजे रबर गंधकासह तापवून पक्कं करताना, गंधकाने या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून टायर वितळत नाही. ४००-५०० अंश सेल्सिअसला सरळ तुटतो. तुटताना आयसोप्रीनचे दोन घटक जोडीने सुटले की लिमोनीन होतं. लिमोनीनचे रेणू दोन तऱ्हांचे, डावे आणि उजवे, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे. सालीतलं बहुतांश उजवं; टायरमधलं डावं-उजवं निम्मं-निम्मं, म्हणजे डायपेंटीन. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर जास्त, म्हणून हे द्रव्यही जास्त. तापमान फार चढवलं की ते मोडतं आणि बेंझीन, टोल्यूइन, झायलीन वाढतात. म्हणजे भट्टीवाल्याने घाई केली की मौल्यवान माल त्याच्याच हाताने जातो.

खरी कटकट पुढे आहे. माझी सगळी नोकरी ऊर्ध्वपातनाच्या कॉलमवर, म्हणजे द्रव उकळबिंदूनुसार वेगळे करण्यात गेली, त्यामुळे हे तेल पाहिलं की मला आधी लिमोनीनचे शेजारी दिसतात, जवळपास त्याच तापमानाला उकळणारे. लिमोनीन सुमारे १७६ अंशांना उकळतं. पॅरा-सायमीन १७७ला, एक ट्रायमिथाइलबेंझीन तर १७६लाच. नुसत्या उकळबिंदूवर यांना वेगळं करणं जवळपास अशक्य. वर गंधकाची संयुगं, त्यांचा वास सहजी जात नाही. शुद्ध माल काढण्याचा खर्च पाहून धंदेवाला म्हणतो, जाऊ दे भट्टीत. मला हे पटत नाही, पण त्याचा हिशेब चुकीचा नाही.

उरलेली काळी भुकटीही कोरा कार्बन ब्लॅक, म्हणजे टायर बनवताना रबरात घालतात ती काजळी, नसते. त्यात झिंक ऑक्साइड, सिलिका, गंधक असतं. टायरमधली पोलादी तार मात्र भंगारात बिनबोभाट खपते.

प्रयोगशाळेत? मुळीच नको. निघणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड आणि ब्युटाडाईन असतं. पहिला विषारी, दुसरा कर्करोगकारक, आणि दोन्ही पेट घेणारे. त्यापेक्षा लिमोनीनची बाटली विकत घ्या, खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको, आणि त्यात थर्माकोलचा तुकडा टाका. तो विरघळताना पाहून मुलं प्रश्न विचारतील, तेव्हा टायरची गोष्ट काढा.