इंदूरमध्ये बीएस्सी करताना ओळखीशिवाय संशोधनाची इंटर्नशिप कशी मिळेल?

प्रश्नात लिहिलंय की दुसरं वर्ष, विषय भौतिकशास्त्र, गुण बासष्ट टक्के, घरात कुणाचा संशोधनाशी संबंध नाही, आणि एक कंपनी तीन हजारांत 'रिसर्च इंटर्नशिप' देतेय, ती घेऊ का?

नको. (तुझ्याहून आठेक वर्षांनी मोठी आहे, म्हणून 'तू'च म्हणते.) तसलं सर्टिफिकेट माझ्याकडेही आहे, लॅमिनेट केलेलं. भंवरकुआँला झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. पुढे एकाही मुलाखतीत ते कुणी हातात घेतलं नाही.

ओळख मलाही नव्हती. 'कॅटमधून माहिती काढते' म्हटल्यावर आईला एमबीएची परीक्षा वाटली. कॅट म्हणजे लेसर आणि कणत्वरकांवर काम करणारी इथली सरकारी संशोधन संस्था. तिचं राजा रामण्णा केंद्र असं नाव होऊन वर्षं झाली, पण इंदुरात ते अजून कॅटच. तिथल्या 'इंडस-2' या कड्यासारख्या मोठ्या यंत्रात इलेक्ट्रॉन 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ऊर्जेने फिरतात, आणि त्यांच्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवर प्रयोग करायला देशभरातून लोक येतात. पासाशिवाय गेटच्या आत जाता येत नाही, तेव्हा नुसतं उठून जाऊ नकोस. खंडवा रोडला विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम ही आणखी एक संशोधन संस्था आहे, पुढे सिमरोलला आयआयटी. बाहेरगावची मुलं त्यासाठी इथे खोली शोधतात. तू घरची पोळी-भाजी खाऊन जाशील.

आता मेल. पहिल्या खेपेला मी चाळीस प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवला, 'आपल्या थोर मार्गदर्शनाखाली' वगैरे. एका ठिकाणी वरचं नाव बदलायचं राहिलं. चाळिसांत उत्तर आलं ते तेवढ्याच एकाचं: 'हे गृहस्थ मी नव्हे.'

मग शहाणपण आलं. एका सरांचा एकच शोधनिबंध घेतला आणि आठवडाभर वाचला. एक तृतीयांश कळला असेल. पण एका आलेखात पातळ थराची जाडी वाढली की शिखर सरकत होतं, ते का, एवढंच विचारलं. शिवाय प्रॅक्टिकलला काय-काय केलंय त्याच्या दोन ओळी, आणि उन्हाळ्यात सहा आठवडे रोज येऊ शकते, हे. तिसऱ्या दिवशी उत्तर: 'सोमवारी या.'

पहिले पंधरा दिवस, ज्यांवर असे पातळ थर चढवतात त्या काचेच्या पट्ट्या धुतल्या. ॲसिटोनमध्ये बुडवायच्या, अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवायच्या, चिमट्याने कडेला धरून बाहेर काढायच्या. बोट लागलं की पुन्हा पहिल्यापासून. मग क्ष-किरण विवर्तन शिकवलं, म्हणजे नमुन्यावर क्ष-किरण टाकून, आलेखातल्या शिखरांवरून आतली अणूंची रचना ओळखायची. एके दिवशी माझी सगळी शिखरं एकाच बाजूला सरकलेली आली. मी वहीत 'नवीन रचना?' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. सरांनी येऊन यंत्राचं झाकण उघडलं, वाकून बघितलं, आणि नमुना अंगठ्याने हलकेच खाली दाबला. होल्डरमध्ये तो जरा वर बसला होता. ती वही अजून ठेवलीय.

टक्क्यांचं म्हणशील तर अशा मेलला बासष्ट फारसे आड येत नाहीत. पण चार वर्षांच्या पदवीत शेवटचं वर्ष संशोधनासह हवं असेल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के धरलेत. म्हणजे अभ्यास सुटत नाही.

बाहेर जायचं असेल तर बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात, पैसे तेच देतात. मुंबईच्या टीआयएफआरचाही (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) उन्हाळी कार्यक्रम आहे. अशा ठिकाणी उन्हाळ्याचे अर्ज कित्येक महिने आधी भरावे लागतात; परीक्षा झाल्यावर जाग आली तर वर्ष गेलं.

अकादमीच्या अर्जाला शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. ते तुला यंत्रावर काम करताना पाहिलेल्या, प्रॅक्टिकल घेणाऱ्या सरांकडून किंवा मॅडमकडून घे. मी वजन पडेल म्हणून थेट विभागप्रमुखांकडे गेले होते. त्यांनी पेन उघडलं आणि आधी माझा रोल नंबर विचारला.