जबड्याच्या कोपऱ्यात एकच प्लेट आणि हनुवटीला दोन, असं का?

तुमच्या भावाचा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. अक्कलदाढेपाशी एकच बारीक प्लेट लावली, हनुवटीला मात्र दोन, म्हणून मागची एखादी लावायची राहून गेली का, असं तुम्ही विचारलंय. बहुधा नाही. मी जबड्याची ऑपरेशनं करतो आणि एक्स-रे हातात आला की नातेवाईक हमखास हेच विचारतात.

गालावर बोटं ठेवून दात घट्ट आवळा. जो गोळा हाताला लागतो, तो स्नायू जबड्याचा मागचा भाग वर ओढतो. हनुवटीखालचे स्नायू पुढचा भाग खाली खेचतात, शिवाय घासावरचा जोरही पुढच्या तुकड्याला खालीच रेटतो. त्यामुळे कोपऱ्यात मोडलेलं हाड वरच्या कडेला फाकतं आणि खालच्या कडेला एकमेकांवर दाबलं जातं. खोडरबराला अर्ध्यापर्यंत चीर देऊन वाकवून बघा. चीर उघडते त्या बाजूला चिकटपट्टी लावली की काम भागतं, उलट्या बाजूला लावलेली काहीच करत नाही. आम्हीही वरच्या कडेला, दाढेच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा जो टणक कंगोरा असतो, त्यावर प्लेट बसवतो. खालचा दाब हाड स्वतःच पेलतं. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गचे सर्जन मॅक्सिम शाम्पी यांनी १९७० च्या दशकात या जागा आखून दिल्या. स्क्रू साधारण ६ मिमीचे, तेही फक्त बाहेरच्या कवचात, कारण आत दातांची मुळं आणि ओठाला संवेदना देणारी नस असते.

हनुवटीशी हाडाला पीळ बसतो. एकाच प्लेटभोवती तुकडे फिरू शकतात, म्हणून तिथे एकीखाली एक अशा दोन, मध्ये ४-५ मिमी अंतर ठेवून.

आता यातली मेख. मोडलेल्या बाजूच्याच शेवटच्या दाढेखाली काही कडक चावलं, तर हिशोब उलटू शकतो आणि खालची कड फाकायला लागते. त्यामुळे पातळ-मऊ खाण्याचा सल्ला भावाने निमूटपणे पाळावा. काही सर्जन कोपऱ्यातही खाली दुसरी प्लेट लावतात. सरळ, स्वच्छ फ्रॅक्चरला मला तरी तिची गरज वाटत नाही. हाडाचा चुराच झाला असेल तर गोष्ट वेगळी: भार वाटून घ्यायला हाडच उरत नाही, म्हणून जाड प्लेट आणि दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन स्क्रू लागतात.

खरा वेळ जातो तो प्लेट वाकवण्यात. आधी वरचे-खालचे दात जुळवून बांधायचे, मग प्लेट हाडाच्या वळणावर तंतोतंत बसेपर्यंत वाकवायची. साध्या प्लेटखाली केसभर फट राहिली, तरी स्क्रू आवळताना हाड प्लेटकडे ओढलं जातं आणि दातांची ठेवण बिघडते. तेव्हा तोंड मिटल्यावर दात पूर्वीसारखे जुळतात का, हे भावाला विचारा. जुळत नसतील तर लगेच सर्जनना दाखवा.