रिसेट मारण्याआधी: 'प्रोग्राम फाइल्स' कॉपी करून भागत नाही

चोपड्याच्या दादांनी विचारलंय ते थोडक्यात असं: कृषी केंद्रातला विंडोज १० चा पीसी फार रखडतो, म्हणून रिसेट मारायचाय, म्हणजे विंडोज पुन्हा नव्यासारखं करायचंय. टॅली ईआरपी ९ (हिशोबाचं सॉफ्टवेअर), श्री-लिपी (मराठी टायपिंगचं) आणि बिलाचा प्रिंटर, तिघांच्याही सीडी सापडत नाहीत. मग अख्खं 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन नंतर परत पेस्ट केलं तर चालेल का?

नाही चालणार, दादा. सॉफ्टवेअर टाकताना सगळ्या फाइल एकाच जागी बसत नाहीत. काही 'प्रोग्राम डेटा'त जातात, काही तुमच्या युजरच्या 'अ‍ॅपडेटा'त, काही थेट विंडोजच्या फोल्डरात. कोण कुठे बसलंय याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत असते, आणि रिसेटनंतर ती रजिस्ट्री कोरी होते. मग पेस्ट केलेल्या आयकॉनवर क्लिक केलं की अमुक डीएलएल (सॉफ्टवेअरला लागणारी फाइल) सापडत नाही असा मेसेज येतो, नाहीतर काहीच होत नाही.

रिसेट करताना 'कीप माय फाइल्स' हा पर्याय निवडला तरी हेच. डॉक्युमेंट, फोटो, डेस्कटॉप राहतात. बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर जातात. काय काय काढलं याची यादी विंडोज डेस्कटॉपवर ठेवतं, पण ती काम उरकल्यावर वाचून काय करणार? यादी आधी करा. 'अ‍ॅप्स अँड फीचर्स'चा पूर्ण पडदा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तरी पुरे. विंगेट नावाची कमांड येत असेल तर तिच्या 'एक्स्पोर्ट'ने यादीची फाइल बनते आणि 'इम्पोर्ट'ने ती सॉफ्टवेअर नेटवरून पुन्हा उतरतात. क्रोम, व्हीएलसी, सेव्हन-झिप यांना ठीक आहे. तुमच्या तिघांना तिचा उपयोग नाही.

आता टॅली, कारण खरी धास्ती तिचीच. टॅलीचं फोल्डर उचलून नेलं तर बऱ्याचदा उघडतंही, त्यामुळे माणूस गाफील राहतो. पण लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं. ते गेलं की टॅली एज्युकेशनल मोडमध्ये (शिकण्यापुरत्या) येते आणि महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच एंट्री घेते. रोजची उधारी-जमा कशी लिहिणार? म्हणून नेट चालू असताना लायसन्सच्या मेनूत जाऊन आधी ते सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवा, रिसेट त्यानंतर. त्याहून आधी सिरियल नंबर आणि लायसन्स कोणत्या ईमेलवर आहे ते वहीत उतरवा. लायसन्स पुन्हा चालू करायची अनलॉक की त्याच ईमेलवर येते, आणि आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तो ईमेल विकणाऱ्याचा नाहीतर सोडून गेलेल्या मुनीमजीचा निघतो. तसं असेल तर ते आधी मिटवा, तोवर मशीनला हात लावू नका.

डेटाचा मार्ग टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावरच दिसतो. त्या फोल्डरात १०००० असे आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, त्या तुमच्या कंपन्या. टॅलीतून बॅकअप घ्या आणि हे फोल्डरही वेगळे कॉपी करा. मग शेजारच्या दुकानातल्या टॅलीत तो बॅकअप रिस्टोअर करून एखादं खातं उघडून बघा. डेटा सी ड्राइव्हवर पण युजरच्या फोल्डराबाहेर असेल, तर 'कीप माय फाइल्स'ने तो राहीलच असं धरून चालू नका.

श्री-लिपीचा सेटअप आणि लायसन्स विक्रेत्याकडून मिळेल. यूएसबी लॉक (लायसन्ससाठी पीसीला लावायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा) असेल तर तो जपा. फॉन्ट मात्र आजच काढून ठेवा, कारण जुनी दरपत्रकं फॉन्ट नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरातून श्री-देवचे सगळे फॉन्ट कॉपी करा. फॉन्ट एकाच युजरपुरते टाकले असतील तर ते 'अ‍ॅपडेटा'त सापडतील.

प्रिंटरची फार काळजी नको. पीएनपीयूटील या कमांडने बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर (प्रिंटर वगैरे चालवणाऱ्या फाइल) एका फोल्डरात काढता येतात.

पण मी तुमच्या जागी असतो तर रिसेटच मारला नसता. टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कखाली काय लिहिलंय ते बघा. एचडीडी (जुनी फिरती हार्ड डिस्क) असेल आणि डिस्क सारखी १०० टक्क्यांवर असेल, तर रिसेटनंतरही पीसी रखडणारच. एसएसडी (तिच्याहून वेगवान डिस्क) घ्या आणि क्लोनझिला या सॉफ्टवेअरने जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर उतरवा. क्लोनझिला फुकट आहे. टॅली, श्री-लिपी, फॉन्ट, प्रिंटर सगळं जागच्या जागी येतं. डिस्क बदलल्यावर लायसन्स कधी अडतं, म्हणून वरची टॅलीची तयारी तरीही करा. व्हायरस असेल तर तोही सोबत येतो, तेव्हा आधी स्कॅन. आणि नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असली तर क्लोनझिला अडतं: जुनी ५०० जीबीची असेल तर ४८० ची एसएसडी घेऊ नका, ५१२ ची घ्या.

क्लोन असो की रिसेट, पीसी यूपीएसवर हवा. आपल्याकडच्या लाइटीचं तुम्हाला सांगायला नको. बियाण्याची गर्दी असताना तर हे काम काढूच नका. क्लोन झाल्यावर जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा, महिनाभर तरी पुसू नका.

टास्क मॅनेजरमध्ये काय दिसलं ते आणि प्रिंटरचं मॉडेल इथे टाका, मग पुढचं बघू.